थीम केक मागवण्याचा सशास्त्र विधी

मुलाच्या वाढदिवसाची तारीख वर्षभर आधी ठाऊक असते. तरीही केकची ऑर्डर आदल्या रात्री साडेनऊला द्यायची, हा आपल्याकडच्या पालकांचा कुळाचार आहे. साध्या पायनॅपल केकच्या काळात तो खपून जाई. कोपऱ्यावरच्या बेकरीत काचेमागे चार केक तयार असत, त्यातल्या एकावर नाव घालून घेतलं की झालं. थीम केकला मात्र आठवडाभर आधी नंबर लावावा लागतो, कारण त्यावरची साखरेची बाहुली आधी घडवून वाळवावी लागते. ओली बाहुली केकवर बसवली, तर पाहुणे येईपर्यंत ती आडवी होते.

पहिलं काम थीम ठरवण्याचं. ती मुलाला विचारून ठरवावी, असा एक आधुनिक विचार आहे. विचारा, पण एकदाच, आणि उत्तर मिळताच विषय बदला. दुसऱ्यांदा विचारलंत तर सोमवारचा डायनोसॉर बुधवारी जेसीबी होतो आणि शुक्रवारी, केकवाल्या ताईंना ॲडव्हान्स पोचल्यावर, डोरेमॉन. नातेवाइकांचं मत घेऊ नये. आजोबा रायगड सुचवतील. कल्पना उत्तम आहे, पण रायगडाला सुरी लावायला घरातलं कोणी पुढे येणार नाही. छोटा भीम निवडायचा असेल तर तो स्वतः लाडू खातो, हे मुलाला पक्कं माहीत आहे, एवढं ध्यानात असू द्या.

समजा, डोरेमॉनवर शिक्कामोर्तब झालं. आता ताईंना फोटो पाठवायचा. शिरस्त्याप्रमाणे हा फोटो परदेशातल्या तीन मजली केकचा असतो आणि त्याखाली आपण लिहितो, ‘सेम असाच हवा, एक किलोत.’ ताईंचं उत्तर येतं, ‘होईल, पण थोडा वेगळा दिसेल.’ या वाक्यातला ‘थोडा’ फार महत्त्वाचा आहे. तो किती, हे तिथल्या तिथे विचारून घ्यावं.

कारण खरी परीक्षा पुढे आहे. डोरेमॉन हे मांजर आहे, असं ताईंना कुणीतरी सांगितलेलं असतं. मांजर म्हटल्यावर कान आलेच, म्हणून त्या प्रेमाने दोन कान लावतात. डोरेमॉनला कान नसतात. ते उंदरांनी खाल्ले, ही त्याच्या आयुष्यातली मोठी शोकांतिका आहे आणि ती पाच वर्षांच्या मुलाला स्वतःच्या पत्त्यापेक्षा नीट पाठ असते. मिशा सहा, दोन्हीकडे तीन-तीन. गळ्यात लाल पट्टा, त्याला पिवळी घंटा. पोटावर पांढरा खिसा. शेपटीला लाल गोळा. हे सगळं लेखी द्या, लग्नाच्या यादीसारखं. आपला डोरेमॉन म्हणजे कान असलेलं कुठलंतरी निळं जनावर आहे, हे बारा मुलांसमोर ऐकून घेण्याची वेळ कुठल्याही आईवर येऊ नये.

‘फाँडंट की क्रीम?’ असं ताई विचारतील. ‘जे चांगलं दिसेल ते,’ हे उत्तर देऊ नका. दिसायला फाँडंटच चांगलं. पिठीसाखर, ग्लुकोज सिरप वगैरे मळून, लाटून ते केकवर पांघरतात. मुलं ते सोलून बाजूला ठेवतात आणि मोठी माणसं ‘गोड आहे हो फार’ म्हणत ते ताटलीच्या कडेला सरकवतात. शाकाहारी घरांनी आणखी एक चौकशी करावी. ‘एगलेस आहे ना?’ असं तीनदा विचारणाऱ्या घरात फाँडंटमधल्या जिलेटिनबद्दल सहसा कुणी विचारत नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून निघतं. ते नसलेलं फाँडंटही मिळतं, पण मागावं लागतं.

ज्यांची मुलं जुलैत जन्मली आहेत त्यांनी आधीच विचार करायला हवा होता. पावसाळी हवेत फाँडंट ओल धरून चिकट होतं. फ्रिजमधून बाहेर काढलं की त्याला घाम फुटतो आणि डोरेमॉन रडल्यासारखा दिसतो.

वजनाचं गणित सोपं आहे, म्हणून कुणी करत नाही. अर्ध्या किलोला अजूनही सर्रास एक पौंड म्हणतात, खरा पौंड साधारण ४५४ ग्रॅमचा. एक किलोत दहा-बारा जणांचे बरे तुकडे होतात. सोसायटीतली मुलं, त्यांना सोडायला येऊन थांबलेल्या आया आणि ‘सहज’ डोकावलेले शेजारी धरले, तर दोन किलो लागतो. किलोच्या भावात बाहुलीचंही वजन धरलंय का, हे विचारण्यात कमीपणा मानू नये. दोन मजली केक स्वस्तात मिळत असेल तर एक मजला बहुधा थर्माकोलचा आहे. कुठला, ते सुरी अडायच्या आधी समजलेलं बरं.

नाव मराठीत लिहून हवं, हा आग्रह स्तुत्य आहे. पण शौर्य, आर्या अशी नावं ठेवणाऱ्यांनी रफाराची चौकशी करून यावं. क्रीमच्या कोनातून रफार निघेपर्यंत त्याचा अनुस्वार होतो.

केक आणायला स्कूटर नेऊ नये. गाडीतही तो मांडीवर न घेता पायाशी सपाट जागेवर ठेवावा. मांडी उताराची असते, आणि गतिरोधक कुठे आहे ते पालिकेलाही ठाऊक नसतं.

रंगाबद्दल थोडं. आपल्याकडे खाण्यात चालणारे कृत्रिम रंग आठच, आणि त्यांत काळा नाही. त्यामुळे बॅटमॅनचा काळा इतर रंग मिसळून किंवा कोको घालून साधावा लागतो. डोरेमॉनचा निळा मात्र सहज मिळतो. तो पाहुण्यांच्या जिभेवर, दातांवर आणि आत्याच्या पैठणीवर उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पॉटीत हिरवा रंग दिसला, तर डॉक्टरांना फोन लावण्यापूर्वी आदल्या दिवशीचा केक आठवावा.

औक्षण आधी उरकून घ्या. मेणबत्त्या विझल्यावर मुलं कुणाची नसतात. आणि केक वाटण्यापूर्वी बाहुली स्वतः उचलून बाजूला काढा. तिचं डोकं बहुतेक वेळा टूथपिकने धडाला जोडलेलं असतं आणि दोन मजली केकमध्ये आधाराच्या काड्याही असतात. किती घातल्यात ते ताईंना ऑर्डर देतानाच विचारा, आणि तितक्या बाहेर आल्याशिवाय पहिला तुकडा कुणाच्या हातात देऊ नका.