फक्त एकाच खान्यात टिक करा

विद्यापीठाची नोकरीची जाहिरात शेवटून वाचावी. वर पदांची नावं अशी भारदस्त, की वाचणाऱ्याने आपसूक पाठ सरळ करावी. खरी गंमत तळाशी, 'टीप'मध्ये. पद अकरा महिन्यांचं, मानधन एकत्रित, मुलाखतीला स्वखर्चाने यावं आणि कारण न देता भरती रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवलेला. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचेही इतकं मोकळं बोलत नाहीत.

माझ्या पुतण्याने मात्र जाहिरात वरूनच वाचली. मेडिकल कॉलेजवालं मोठं विद्यापीठ, आमच्या हेमलकशापासून तीनशेहून जास्त किलोमीटर. (गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ २०११ सालापासून 'जवळ' आहे, आमच्याकडे जवळ म्हणजे दीडशेच्या वर.) फॉर्मवर तीन खाने: संशोधन, वैद्यकीय, सहायक.

"काकाजी, एकाच खान्यात टिक कराची हाय म्हन्ते. कोन्त्या करू?"

हा प्रश्न हेमलकशात विचारू नये. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा वीज नव्हती, फोन नव्हता. जाहिरात चिकटवायला भिंतही नव्हती. बाबांचे चिरंजीव प्रकाशभाऊ सर्जरीचं पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून आलेले, त्यांच्या पत्नी मंदाताई भूलतज्ज्ञ. छाननी समितीच्या हिशेबाने एक अपात्र, एक पात्र. पण अस्वलाने फाडलेला माडिया माणूस दारात आला, तेव्हा त्याने साक्षांकित प्रती मागितल्या नाहीत. टाके घाला, बाळंतपण करा, मलेरियाशी झगडा, हा वैद्यकीय खाना. कॉलेजात जे शिकवलं नव्हतं ते पुस्तक उघडून, कंदिलाच्या उजेडात शिका, हे संशोधन. मार्गदर्शक नाही, फेलोशिप नाही. आणि सहायक? शिकारीत आई गेलेली माकडाची, अस्वलाची, बिबट्याची पिल्लं सांभाळायची. 'बिबट्याला बाटलीने दूध पाजले' हा अनुभव कोणत्या परिशिष्टात जोडतात, कुलसचिवच जाणोत. २००८ साली मॅगसेसेवाल्यांनी दोघांना मिळून पुरस्कार दिला, तोही 'सामुदायिक नेतृत्व' या खान्यात. खाना त्यांनाही लागलाच!

पुतण्याला हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. बेकार मुलांना ऐकून घ्यायची सवय असते. मग म्हणाला, "ते ठीक हाय, पन फॉर्मची तारीख उद्याची हाय."

संशोधनाला नेट-सेट हवी, वैद्यकीयला कौन्सिलची नोंदणी. उरला सहायक. तसंही विद्यापीठ चालतं ते याच खान्यावर. कुलगुरू परदेशी गेले तर कळत नाही, आवक-जावकचा बाबू रजेवर गेला की कळतं. यादीत प्राणिगृह परिचराचं पद निघालं: पांढरे उंदीर व ससे हाताळण्याचा अनुभव आवश्यक. पोराचा चेहरा उजळला. आमट्यांच्या प्राणी अनाथालयाच्या पिंजऱ्यांपाशीच तो लहानाचा मोठा झालेला.

"काकाजी, बिबट चालते का, विचारा ना."

हेल्पलाइन लागली, हेच नवल. पलीकडच्या साहेबांनी सगळं नीट ऐकलं, कागद चाळल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, "अनुभव संबंधित प्राण्याचाच पाहिजे."