वर ढकला, खालचा दाबा

हैदराबादेत सहाव्या निजामाच्या खासगी सेवकाचं, अल्बर्ट आबिडचं, दुकान जिथे होतं ते आबिड्स. तिथून जवळच कोठीची गुजराती गल्ली. सुट्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या तिथल्या दुकानांत हल्ली गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेले, पोट सुटलेले भाविक दिसतात. व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सापडल्यावर ज्यांचे कान पिळले गेले, तेच आता स्वखर्चाने पार्लर घरी थाटतायत. मागतात ३० मिलिमीटरची बटणं आणि २.८ मिलिमीटरच्या क्लिपा. दुकानदार शांतपणे ४.८ च्या काढून देतो.

जोडणी तशी सोपी. जॉयस्टिकच्या दांड्याखाली चार मायक्रोस्विच. प्रत्येकाचं सामाईक टोक एकाच काळ्या वायरीत ओवायचं, एरवी उघडं राहणारं टोक स्वतंत्र वायरीने बोर्डाला द्यायचं. मेख अशी, की दांडा वर ढकलला की खालचा स्विच दाबला जातो. ऑफिसात साहेबांना हीच रीत रोज चालते, इथे मात्र पचत नाही. ‘वर’ची वायर वरच्याच स्विचला दिली, की पडद्यावरचा पहिलवान उडी मारायच्या ऐवजी बसकण मारतो आणि शिव्या सोल्डरिंगला बसतात.

शेजारचा पोरगा विचारतो, ‘‘काका, तयार मिळत नाही का?’’

मिळतो. स्वस्तही पडतो.