दोनशे बारचे मामा

प्रस्तुत लेखकाला विचारल्याशिवाय घरात साधी इस्त्रीसुद्धा घेतली जात नाही, असा त्याचा समज आहे. आजवर तीन इस्त्र्या आल्या आणि कोणीही विचारलं नाही, हा भाग वेगळा. त्यामुळे अकोल्याहून भाच्याचा फोन आला, 'मामा, टाक्या-फरश्या धुवाचा धंदा चालू करून रायलो, प्रेशर वॉशर कोनतं घेऊ?' तेव्हा लेखकाने आधी चष्मा लावला. ऐकायला चष्मा लागत नाही, पण सल्ला द्यायला लागतो.

चार दिवस अभ्यास झाला. पाचव्या दिवशी लेखक ओट्यावरून फोनवर गरजला, 'दोनशे बारच्या खाली बातच नको!' शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

बार म्हणजे दाब. एक बार म्हणजे सुमारे 10 मीटर उंच पाण्याचा दाब. त्या हिशेबाने 150 बार म्हणजे दीड किलोमीटर उंचीचं पाणी. आपला चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,100 मीटरच्या आसपास. म्हणजे चिखलदऱ्याहून उंच पाणी एका नळीत! ही उपमा लेखकाने आठवडाभरात सहा जणांना ऐकवली, त्यातल्या दोघांना दोनदा. शिवाय कार्चर या जर्मन कंपनीने 2005 मध्ये अमेरिकेतल्या माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे अशाच यंत्रांनी धुऊन काढले होते, हेही सांगून झालं.

'मामा,' भाचा म्हणाला, 'आपल्याले जठारपेठेतल्या टाक्या धुवाच्या हायत.'

मग त्याने विचारलं, मशीन मिनिटाला पाणी किती फेकते? लेखकाने खोक्यावरचा आकडा सांगितला: 15 लिटर. 'म्हंजे दोनशे गुनिले पंधरा, भागिले सहाशे. पाच किलोवॅट नुसतं पान्यालेच लागते. मोटर साडेसातची, थ्री फेज. गिऱ्हाइकाच्या घरी सोळा अँपिअरचं सॉकेट. त्यातून साडेतीन किलोवॅटच्या वर काई निघत नाई. मंग मशीन काय वावरातल्या विहिरीवर लावू?'

लेखकाने 31 वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. हे गणित त्याला यायला हवं होतं. फोनवर काही वेळ कोणीच बोललं नाही.

भाच्याचा अभ्यास वेगळ्या वाटेने झाला होता. तो मूर्तिजापूर रस्त्यावरच्या वॉशिंग सेंटरांवर जाऊन बसला, चहा पाजला आणि प्रत्येकाला एकच विचारलं: वर्षात मशीन कितीदा खोललं? तिथे त्याला समजलं की काळ्या मातीने लडबडलेला ट्रॅक्टर धुवायला दाबापेक्षा पाणी जास्त लागतं. म्हणून संत्र्याच्या बागेत फवारणीला वापरतात तो पट्ट्यावरचा एचटीपी पंप लावूनही काही जण वर्षानुवर्षं धंदा करतात. शेवाळाला मात्र दाबच लागतो. कार्बन ब्रशची किंचाळणारी मोटर घरच्या गाडीला ठीक. दिवसभराच्या कामाला इंडक्शन मोटर हवी, आणि पंप पितळी डोक्याचा, क्रँकवर सावकाश चालणारा. खोक्यावर छापतात तो कमाल दाब; रोजचा त्याहून कमी. सगळ्यात मोठा प्रश्न मात्र खोक्यावर नसतोच: 'सील किट कुठी भेटते?' ते गावात मिळत नसेल, तर दोनशे बारचं यंत्र म्हणजे चाकं लावलेलं स्टूल.

पाण्याचाही प्रश्न होता. अकोल्यात नळ रोज येईलच असं नाही, म्हणून ड्रममधून पाणी ओढणारं यंत्र हवं. सगळी ओढत नाहीत, आणि कोरडा चालला की पंप सील खातो. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मुळातच चटका देतं, आणि पुष्कळ लहान यंत्रांना 40 अंशांपर्यंतचंच पाणी चालतं. म्हणजे कामं पहाटे. खेड्यात गेलं तर खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती, बुलढाण्यात पसरलेल्या या पट्ट्यातलं भूजल पितळ आणि सील दोघांनाही बाधतं. काम झालं की पंपातून गोडं पाणी फिरवायचं.

पूर्णा म्हटलं की लेखकाला दापुरे आठवतं, आणि दापुरे आठवलं की त्याला आवरणं कठीण. मूर्तिजापूर तालुक्यातल्या या गावी, मामाच्या घरी, डेबूजी झिंगराजी जानोरकर लहानाचा मोठा झाला. जन्म 1876 चा, अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा, जात परीट. पुढे त्यांना जग गाडगेबाबा म्हणू लागलं. इथे लेखक 'मामाच्या घरी' या शब्दांवर अंमळ जास्त जोर देतो, जणू दापुऱ्याच्या मामांनंतर ती गादी थेट त्याच्याकडेच आली. बाबांचं यंत्र म्हणजे खराटा. त्याला ना फेज, ना सील किट. डोक्यावर गाडग्याचा तुकडा, त्यातच जेवायचं. दिवसा गावातली घाण झाडायची, रात्री कीर्तनात डोक्यातली. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी ते गेले. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे.

भाच्याची पदवी त्याच विद्यापीठाची.

आणि तरी मागच्या वैशाखात बडनेऱ्याच्या एका लग्नात कोणीतरी विचारलं, 'भाचा काय करतो?' तेव्हा प्रस्तुत लेखक म्हणाला, 'जल-व्यवस्थापनात आहे.' भाचा मागेच पंक्तीत वाढत होता. त्याने ऐकलं. काही बोलला नाही. लेखकाच्या पानात एक बुंदीचा लाडू जास्त ठेवून पुढे गेला. तो लाडू लेखकाला अजून पचलेला नाही. खराट्याच्या तसबिरीला हार घालणारी आपली घरं, पण पोरगा खराटा हातात घेतो म्हटलं की स्थळं परत जातात. ही चीड लेखक इतरांवर काढतो, कारण स्वतःवर काढायला धैर्य लागतं.

यंत्र आलं. सिंगल फेज, 120 बार, मिनिटाला 10 लिटर. पहिलं पाणी मामाच्या हातून, म्हणून भाचा ते घेऊन अमरावतीला आला. नोझल रंगीत: पांढरं 40 अंशांत पसरणारं, हिरवं 25, पिवळं 15, लाल शून्य, म्हणजे सुईसारखी सरळ धार. 'लाल लावू नोका, मामा,' तो म्हणाला आणि ड्रम भरायला गेला. लेखकाने लाल लावलं.

फाटकावर पाटी होती. नाव, त्याखाली 'माजी प्राचार्य', आणि त्यापुढे कंसात, बारीक अक्षरांत 'प्रभारी'. सात महिने होता लेखक त्या खुर्चीत. कंस पत्नीच्या आग्रहाने आला होता. धार सुटली, गनने हाताला मागे झटका दिला आणि पहिल्याच फटक्यात कंस उडाला. मग 'प्र', 'भा', 'री'.

'मामा, थांबा! रंग चालला!' भाचा बादली टाकून धावत आला.

पण लेखकाचं बोट केव्हाच घोड्यावरून निघालं होतं.

'पुन्हा रंगवून देतो मी,' भाचा ओशाळून म्हणाला.

'राहू दे,' लेखक पाटीकडे पाहत म्हणाला. 'मशीन चांगलं आहे तुझं.'