भुताचा दाखला

भूत दिसलं की भयपट, हा आपला सोपा हिशेब. त्या न्यायाने ‘झपाटलेला’ (१९९३) अस्सल भयपट: मृत्युंजय मंत्राने बाहुल्यात शिरलेला खुनी तात्या विंचू, कागदपत्रं चोख. तरी आपण हसून लोळतो, कारण त्याच्या भुवयांमध्ये गोळी बसली की प्रश्न मिटतो. ‘सायको’त (१९६०) मात्र भूत औषधालाही नाही, न्हाणीघराचा पडदा, पलीकडे सावली, एवढंच; तरी थरकाप उडतो. कोणी म्हणेल, घाबरवतो तो भयपट. मग वीजबिलालाही तिकीट लावा! खरी कसोटी एकच: दिवे लागल्यावर भीती थिएटरातच राहते की सोबत घरी येते? अर्थात ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’सारखं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, की नरभक्षकासकट सगळ्याला अदबीने ‘मानसशास्त्रीय थरारपट’ म्हणायचं.