हळदीचे रुमाल आणि लग्नपत्रिकांची वही

“काकू, पडवीत हे पिवळे रुमाल कसले वाळत घातलेत? जेजुरीला निघालात की काय?”

“जेजुरीला कशाला, तुझ्या पोरांसाठी नमुना केलाय. दिवाळीच्या सुट्टीत इमॅजिकाला निघालात ना?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“दूधवाल्यानं. त्याला तुझ्या धाकट्यानं. आता अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. ते राहू दे, एवढ्या गर्दीत पोरं सांभाळणार कशी, ते बोल. तुकोबांची पालखी येते तेव्हा बेलवाडीच्या रिंगणाला किती माणूस लोटतं, बघतेस ना? तरी म्हातारी चुकली तर आपल्या दिंडीची पताका बघून परत येते. पोरांच्या गळ्यात एका रंगाचा रुमाल असला की लांबूनही नजर पडते.”

“हे म्हणत होते, सगळ्यांना टी-शर्ट छापून आणू. मागच्या गल्लीतल्यांनी आणले तसे, पाठीवर पोराचं नाव.”

“त्यांचे बघूनच सांगते, नाव नको. कुणीही परका नावानं हाक मारील आणि पोरगं ओळखीचा समजून वळेल. त्यापेक्षा फोन नंबर घाल, तोही रुमालाच्या आतल्या बाजूला, धुऊन न जाणाऱ्या पेनानं.”

“पण हळदच का?”

“घरात आहे म्हणून. जुन्या धोतराचे चौकोन फाडायचे, कापडात हरभऱ्याचा दाणा धरून भोवती दोरा घट्ट गुंडाळायचा आणि हळदीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. दोरा सोडला की पांढरी कडी उमटतात. दाणे बांधायचं काम पोरांचं, उकळतं पाणी तुझं. सावलीत वाळव, उन्हात हळद विटते. आणि साबण लावू नकोस, लाल डाग पडतात.”

“म्हणजे रुमाल वायाच की!”

“वाया कसला, खरी गंमत तीच. साबणाचा खार लागला की हळद लाल होते, वर लिंबू पिळलं की परत पिवळी. पूर्वी घरी कुंकू करायचे ते हळदीचंच, टाकणखार आणि लिंबाचा रस घालून. धाकट्याला साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रुमालावर चित्र काढू दे. बघ, जागचा हलायचा नाही.”

“धाकट्याचं जमेल हो. थोरलीचं एकच चाललंय, तिथल्या नायट्रो राइडमध्ये बसायचं म्हणजे बसायचं.”

“तिची उंची मोजलीस का? तिथं राइडच्या दाराशी उंचीची खूण असते. तिच्याखाली डोकं राहिलं तर कुणी आत सोडत नाही, मग पोरगं तासभर रांगेत उभं राहिलेलं असो. ती रडारड घरीच उरकून घे. कॅलेंडरची जुनी पानं उभी जोडून भिंतीला लाव, शिंप्याच्या टेपनं खुणा कर. कुठल्या राइडला किती उंची लागते ते त्यांच्या वेबसाइटवर असतं. ते बघून त्या त्या खुणेपाशी थोरलीलाच राइडचं चित्र काढायला सांग. पट्टी तिनंच केली की भांडणार कुणाशी?”

“आणि धाकट्याला राजासोरसचा मुखवटा हवाय. म्हणतो, हा डायनासोर आपल्या देशातला आहे.”

“बरोबर बोलतोय तो. माझ्या नातवानं याच्यापायी माझं डोकं खाल्लंय. गुजरातेत तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहिओलीला हाडं सापडली आणि २००३ साली त्याला राजासोरस हे नाव दिलं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा मुखवटा कर की, पण तो घरी खेळायला. तिथली राजासोरसची राइड पाण्यातली, पुठ्ठ्याचा लगदा होईल. शिवाय राइडमध्ये सुटं काही हातात ठेवू देत नाहीत. त्यासाठी गळ्यात अडकवायचे बटवे शीव, चेन लावलेले. टेक्स्टाईल पार्कात शिलाईला जाते ना आपली भाडेकरीण, तिच्या घरी मशीन आहे. साडीच्या जुन्या काठांचे झकास होतात.”

“बटव्यात घालायचं काय?”

“वही. रांगेत पोरांना मोबाइल दिलास की परत येईपर्यंत बॅटरी संपते, मग फोटो कशानं काढणार? लग्नपत्रिका आहेत ना घरात?”

“पोतंभर! बारामतीत राहायचं आणि पत्रिका नाहीत असं होतं का? वर गणपती असतो म्हणून सासूबाई टाकूही देत नाहीत.”

“मग गणपती कापून पहिल्या पानावर चिकटव, सासूबाई खूश. बाकीच्या कोऱ्या पाठी तळहाताएवढ्या काप, मधोमध सुईदोऱ्यानं टाके घाल. राइड झाली की एक पान. जे आवडलं त्याचं चित्र, ज्याची भीती वाटली त्याचंही. तिथला तो टबी हत्ती भेटला तर त्याच्या हातची एक रेघ तरी घ्या वहीत.”

“काकू, रात्री पोरं झोपली की बसून उरकते मी सगळं. यूट्यूबवर बघून छान नीटस होईल.”

“तेवढं मात्र करू नकोस. तू केलेलं नीटस होईल आणि पोरं ते गाडीच्या सीटखाली विसरतील. स्वतः केलेलं वाकडंतिकडं उशाशी घेऊन झोपतात. आणि सहल काय एका दिवसाची, ही बांधाबांध दहा दिवस पुरते. ‘कधी जायचं, कधी जायचं’ ही भुणभुणही थांबते.”

“माझ्या पोरांची थांबेल हो, पण इंदापूरहून नणंदेची दोन पोरं येणार आहेत. ती बघतील यांचे रुमाल-बटवे आणि गाडीतच रण पेटेल. आणि खरं सांगू का काकू, कुणाला बोलू नका... नणंदेला यांनी नीट बोलावलेलंच नाही. तिनं पोरांकडूनच ऐकलं आणि आपणहून म्हणाली, आम्ही पण येतो. यांना राग आलाय. ती फोनवर तुटक बोलते.”

“तरीच परवा आवाज येत होता तुमच्याकडून. मला वाटलं, टीव्ही चालू आहे.”

“काकू!”

“बरं, ऐक. ती भिगवणवरून सोलापूर रोडनं येणार, तुम्ही पाटसला गाठ घेणार, म्हणजे भांडायला पुढचा सगळा रस्ता मोकळा. तिच्या पोरांसाठी आजच दोन कोरे रुमाल, मूठभर हरभरे, हळदीची पुडी आणि वहीची सुटी पानं एसटीनं पाठवून दे. वर चिठ्ठी घाल, ‘आत्याकडच्या रुमालांशिवाय आमची दिंडी निघत नाही.’ चिठ्ठी धाकट्याच्या हातची हवी. भिगवणला थंडीत रोहित येतात, ते त्या पोरांनी दरवर्षी पाहिलेत. पहिलं पान त्यांचं तेच होईल.”

“आणि ह्यांना काय सांगू?”

“काही सांगू नकोस. पार्सल स्टँडवर द्यायला त्यांनाच पाठव.”