साहेबाच्या घरी पंखा नाही

पुण्या-मुंबईचा पाहुणा सोनेगावच्या विमानतळावर उतरला की नागपूरकर त्याची बॅग हातात घेतो आणि तब्येत विचारण्याआधी सांगतो, "काल सेहेचाळीस होतं." थाट असा, की पारा यानंच रात्री उठून चढवला असावा. 23 मे 2013 ला 47.9 अंश झाले होते, ते इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 30 मे 2024 ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 अंश दाखवले, तेव्हा गावाची छाती फुगली. पुढे हवामान खात्यानं यंत्रच बिघडल्याचा खुलासा केला आणि गावाचा जो हिरमोड झाला, तो अजून गेलेला नाही.

अशाच एका अभिमानी गृहस्थांनी 2022 च्या मे महिन्यात मात्र हात टेकले. कूलरला नवी खस लावून झाली, माठ बदलून झाला, नळाचं पाणी दुपारी थेट चहात टाकावं इतकं तापलं. शेवटी सौभाग्यवतींनी वटहुकूम काढला, "यंदा थंड ठिकाणी!" गृहस्थांनी भीत भीत चिखलदऱ्याचं नाव घेतलं. "चिखलदरा तुमच्या ऑफिसवाल्यांना दाखवा. मला लंडन पाहायचं आहे."

यात इतिहासाचा काव्यगत न्याय होता. 1861 साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी ठरली आणि साहेबाला इथला उन्हाळा कळला. त्यानं पचमढी गाठली. उन्हाळा आला की फायली, खानसामे आणि मडमांसकट सरकार सातपुड्यात चढायचं. आमचं ऊन चुकवायला पळणाऱ्या त्या साहेबाच्या गावी आता नागपूरकर ऊन चुकवायला निघाले होते.

व्हिसा हाती पडेस्तोवर जुलै उजाडला. नागपुरात पाऊस लागला, कूलर झाकून माळ्यावर गेले, अंगणात बेडूक ओरडू लागले. पण तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते, आणि नागपूरकर ऊन सोसेल, नुकसान सोसणार नाही. दोघं निघाले. बॅगेत चार स्वेटर, दोन मफलर, लोकरीचे मोजे आणि चकल्या.

ब्रिटनच्या हवामान खात्यानं नेमका तेव्हाच उष्णतेचा लाल इशारा दिला, तोही त्यांच्या इतिहासातला पहिला. 19 जुलैला हीथ्रोवर 40.2 आणि लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीत 40.3 अंशांची नोंद झाली. त्या बेटावर पाऱ्यानं चाळिशी ओलांडल्याची ही पहिलीच वेळ.

"चाळीसला घाबरून राहिले हे लोक!" गृहस्थ लंडनच्या हॉटेलात टीव्हीसमोर पोट धरून हसले. "आपल्याकडं मे महिन्यात चाळीस झालं तर लोक म्हणतात, आज बरं आहे."

हसू संपल्यावर त्यांनी पंखा लावायला बटण शोधलं. मग छताकडं पाहिलं. पंखा नव्हता. पंख्याचा हूकही नव्हता. खाली पायाला चावणारा गालिचा, पलंगावर जाडजूड रजई आणि चार बोटांच्या वर न उघडणारी खिडकी. आलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, या एकाच ध्येयानं बांधलेली ती इमारत आपलं काम चोख करत होती. खालच्या काउंटरवर चौकशी केली, तर टेबलफॅन दुकानांतूनही संपलेले. वहिनींनी ओला टॉवेल खिडकीला लटकवला आणि म्हणाल्या, "आपली खस आणायला पाहिजे होती. तुम्ही मफलर घ्या म्हटलं!"

दुसऱ्या दिवशी शहर पाहायला निघाले. भुयारी रेल्वेवाले सांगत होते, गरज नसेल तर प्रवास करू नका. पण पौंडात पैसे मोजलेल्या माणसाला सगळ्याचीच गरज असते. सेंट्रल लाइनच्या डब्यात एसी नाही, हे आत शिरून दार बंद झाल्यावर कळलं. बकिंगहॅम राजवाड्यासमोर अस्वलाच्या केसांची टोपी घातलेल्या पहारेकऱ्याला पोलीस पाणी पाजत होता. 1887 सालच्या हॅमरस्मिथ पुलाच्या ओतीव लोखंडाला तडे वाढू नयेत म्हणून त्याचे काही भाग चंदेरी पन्नीत गुंडाळलेले होते. वहिनींनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "अहो, पोळ्या कुणाच्या आहेत एवढ्या?"

हाइड पार्कात तर दोन संस्कृती समोरासमोर आल्या. तिथली माणसं कपडे काढून उन्हात पालथी पडलेली, आणि हे दोघं डोळे सोडून सगळं तोंड पांढऱ्या दुपट्ट्यात बांधून, खिशात कांदा घालून झाडाची सावली शोधताहेत. साहेब उन्हाला पाहुणा समजतो, नागपूरकर वसुलीवाला. दार कुणी उघडायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

परत आल्यावर महिनाभर फुटाळा तलावावर एकच किस्सा चालला. "चाळीसला साहेब आडवा झाला बे!" ऐकणारे टाळ्या देत होते.

आता थोडं टाळ्यांच्या पलीकडचं. आडव्या झालेल्या त्या साहेबानं माणसं मोजली. 2022 च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या दिवसांत इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा तीन हजारांच्या आसपास जादा मृत्यू झाले, हे तिथल्या सरकारी यंत्रणेनंच छापून जाहीर केलं. फ्रान्सनं 2003 च्या ऑगस्टमध्ये सुमारे 15 हजार माणसं गमावली आणि पुढच्याच वर्षी उष्णतेचा राष्ट्रीय आराखडा केला. आमच्याकडं भर मे महिन्यात फुटपाथवर माणूस निपचित सापडतो. पोलिसांच्या वहीत तो 'अनोळखी इसम', बातमीत 'उष्माघाताचा संशय'. संशय फिटतो की नाही, हे विचारायला कुणी जात नाही.

आराखडा आमच्याकडंही आहे. दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात, कुठं डोक्यावर हिरवी जाळी ताणतात. आधी झाडं तोडून सिमेंटचा रस्ता केला, मग तापलेल्या रस्त्यावर जाळी बांधली. रंग तेवढा झाडाचाच ठेवला.

आणि 47 अंश सोसल्याच्या गप्पा मारतो कोण? दुपारी बारा ते पाच कूलरपुढं पडून पन्हं पिणारा. ज्यानं खरोखर सोसलं, तो बर्डीच्या बाजारात हातगाडी लावून उभा असतो, सिमेंटची घमेली उचलत असतो किंवा आपलंच पार्सल घेऊन तिसऱ्या मजल्यावर येत असतो. त्याला पारा विचारला तर सांगता येणार नाही, कारण मोबाइल पाहायला हात मोकळा नसतो.

तेव्हा येत्या मे महिन्यात पाहुण्याला 'काल सेहेचाळीस होतं' असं ऐकवाल, तेव्हा त्याच दमात काल किती माणसं गेली तेही सांगा. तो आकडा ठाऊक नसेल, तर पहिलाही मिरवू नका. आणि पार्सल आणणाऱ्या पोराला आधी पाणी विचारा, ओटीपी मागाहून सांगा.