सामनेवाले भाऊजी

पांढुर्णा-सौंसर पट्ट्यातल्या कुठल्याही गावात डिसेंबर लागला की एका माणसाचा भाव एकदम वधारतो. एरवी वर्षभर त्याला कोणी विचारत नाही. पण रात्रीच्या कबड्डीची पत्रकं पानठेल्यावर चिकटली, की पोरं त्याच्या ओसरीवर हजर. "भाऊजी, यंदा कुठं?" पत्रकावर तारीख, इनाम, वजनगट सगळं छापलेलं असतं, तरी विचारतात. कारण पत्रकात जे नसतं, ते भाऊजींना पाठ असतं. मैदान उघड्यावर आहे की शाळेच्या भिंतीआड, नदी किती जवळ, शेकोटीला पऱ्हाट्या रचून ठेवल्यात की नाही, आणि रात्री दोननंतर आयोजक चहा पाजतात की तोंडाला पानं पुसतात.

भाऊजी स्वतः कबड्डी खेळलेत का, हा प्रश्न गावात कोणी काढत नाही. पंढरीची वाट विचारताना वारकऱ्याचं वजन कोणी विचारतं का?

जायच्या दिवशी दुपारी चारपासून त्यांची तयारी चालते. आधी बनियन, मग फुलशर्ट, त्यावर साळ्याच्या लग्नातला स्वेटर, त्यावर जाकीट. आणि स्वेटर-जाकिटाच्या मधोमध पेपर. गाडीवर छातीला वारा लागू नये म्हणून हा पेपर लागतोच, आणि तो नागपूरचा मराठी, रविवारचाच लागतो, कारण त्याला पुरवण्या असतात. सामने शनिवारी असले, तर मागच्या रविवारचा अंक घरात कोणी हात लावू नये म्हणून गादीखाली जातो. घडी अशी घालायची की अग्रलेख बरोबर काळजावर यावा. "अग्रलेखातून वारा जात नाही," असं ते म्हणतात. त्यातून वाचकही फारसा जात नाही, पण ते असो. पुढे दोन पँटी, कानटोपी, कानटोपीवर मफलर आणि या सगळ्यावर घरातलं लाल चौकड्यांचं ब्लँकेट.

"अजी, काश्मीरले चालले का?" वहिनी विचारतात.

"मोहगावले," आतून कुठूनतरी आवाज येतो.

भाऊजी स्वतः गाडी कधीच चालवत नाहीत. गल्लीतलं एखादं रुंद खांद्याचं पोट्टं हेरतात, त्याच्या गाडीत पेट्रोल टाकतात आणि मागे बसतात. वडीलधाऱ्याला मागे बसवल्याचं पुण्य लागतंय, असं त्या पोराला वाटतं. वारा कोण अडवतंय हे त्याला जाम नदीचा पूल आल्यावर कळतं. संत्र्याच्या बागांना नुकतं पाणी दिलेलं असलं, की ओल्या जमिनीचा गारठा रस्त्यापर्यंत येतो. तिथं भाऊजी मागून सांगतात, "आता बाग लागली, गुडघे जोड!" जामसावळीला ते ब्लँकेटातूनच हात जोडतात. तिथला मारुती निजलेला आहे. थंडीत जागायचं काम त्यानं आपल्याकडे दिलंय, अशी भाऊजींची समजूत.

त्यांच्या आयुष्यातली मोठी तारीख २९ डिसेंबर २०१८. त्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. इतका खाली तो नोंदीत कधी गेला नव्हता. भाऊजी त्या रात्री मैदानावर होते. लोक मुलांचे वाढदिवस सांगतात, तशी ते ही तारीख सांगतात. त्या रात्री कोणते संघ खेळले, हे मात्र दर वेळी बदलतं.

पत्रकावर आठची वेळ असते. अकरा वाजता चुन्यानं रेषा आखायला सुरुवात होते. माइकवर निवेदन हिंदीत: "सभी दर्शकों से निवेदन है..." आणि वाद झाला की मराठीत. नरखेड-वरूडकडचा एखादा संघ आलेला असतोच, त्यामुळे गावाच्या पटांगणावरची कबड्डी आपसूक 'आंतरराज्यीय' होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांच्या रेषा आखल्या गेल्या आणि मराठी बोलणारा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, त्यावर आजवर पुष्कळ बोललं गेलंय. पण या फायद्याची दखल कोणी घेतलेली नाही. काकाचा पोरगा पलीकडून चढाईला आला, तरी माइक गर्जतो, "महाराष्ट्र की टीम!"

भाऊजींची जागा शेकोटीपाशी. तिथून मैदान दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात. पण त्यांना पाठींवरून खेळ कळतो. पाठी ताठ झाल्या म्हणजे चढाई सुरू. पाठी पुढे वाकल्या म्हणजे बोनस रेषेचा वाद. आणि सगळ्या पाठी एकदम गायब झाल्या, की पंचाला घेरलंय. चढाईचे तीस सेकंद ते उकडलेल्या तुरीच्या शेंगांवर मोजतात. एक चढाई, तीन शेंगा. चौथी शेंग तोंडात गेली आणि शिट्टी वाजली नाही, की शेकोटीपासूनच ओरडतात, "टाइम पाहा लेकहो, टाइम!"

टीव्हीवरची कबड्डी त्यांना मान्य नाही. २०१४ ला प्रो कबड्डी आली, तेव्हा त्यांनी एक सामना पाहिला. छताखाली मॅट, दिव्यांचा झगमगाट आणि एसी. "विकतची थंडी हाय ते," म्हणाले आणि उठले. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवली, हे त्यांना ठाऊक आहे. मग ती ऑलिम्पिकमध्ये का गेली नाही, याचंही कारण ठाऊक आहे. "ऑगस्टात दाखवली ना! डिसेंबरात दाखवाले पायजे होती."

मध्यंतरी कॅनडात असलेल्या भाच्यानं त्यांना फोनवर सांगितलं, की तिकडे एडमंटनला नोव्हेंबर २००३ मध्ये उघड्या मैदानावर बर्फातली हॉकी झाली. उणे अठराच्या आसपास तापमान आणि पन्नास हजारांच्या वर माणूस बघायला. भाऊजी क्षणभर गप्प झाले. एवढी मोठी बिरादरी परदेशात आहे, याचा अंदाज नव्हता. मग चौकशी सुरू झाली.

"खेळणारे घालतात काय?"

"अंगभर पॅड, हेल्मेट, हातमोजे. एका गोलकीपरनं तर हेल्मेटवर लोकरीची टोपी चढवली होती, मामा."

"मंग कायची थंडी लेका! आमचे पोट्टे हाफ चड्डीवर, अनवाणी मातीत उतरतात. अन् तुमचा गोलकीपर माझ्यावाणी कपडे घालून?"

तरी दुसऱ्या दिवसापासून गोलकीपरची ती टोपी त्यांच्या बोलण्यात आली. "कॅनडातही घालतात," असं कानटोपीला हसणाऱ्या पोरांना सांगू लागले.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या तपश्चर्येला फळ आलं. फायनल संपता संपता पहाटेचे साडेचार झाले. प्रमुख पाहुणे उद्घाटनाचं भाषण करून बाराच्या आतच घरी गेले होते. अध्यक्षांचे पाय गारठले, म्हणून तेही गाडीत जाऊन झोपले. ढाल द्यायला वजनदार माणूस हवा, तेव्हा आयोजकांची नजर शेकोटीकडे गेली. निवेदकानं भाऊजींचा 'ज्येष्ठ क्रीडाप्रेमी' असा पुकारा केला. ते ब्लँकेटासकट व्यासपीठावर चढले आणि माइक हातात आल्यावर २९ डिसेंबर २०१८ पासून सुरू झाले. विजेते हाफ चड्डीत कुडकुडत उभे. शेवटी त्यांच्या कप्तानानं ढाल स्वतःच भाऊजींच्या हातून ओढून घेतली. नेमका तोच फोटो निघाला.

भाऊजींनी तो मोठा करून आणला, फ्रेम केला. फोटोत ढाल आहे, कप्तान आहे आणि मधे मफलर, कानटोपी, ब्लँकेट यांचा एक ढीग आहे. ढिगाला दोन डोळे आहेत.

"मी हाय तो," भाऊजींनी वहिनींना दाखवलं.

वहिनींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "तुमचं काई सांगता येत नाही, अजी. पण ब्लँकेट आपलंच हाय."